नेत्रपल्लवी

मराठीत करपल्लवी आणि नेत्रपल्लवी असे दोन जुने शब्द आहेत. मोल्सवर्थच्या कोशात दोन्ही सापडतात. करपल्लवी म्हणजे बोटांच्या खुणांनी बोलणे आणि नेत्रपल्लवी म्हणजे डोळ्यांनी बोलणे. नेत्रपल्लवी हा शब्द आता लग्नघरातल्या थट्टेपुरता उरला आहे. करपल्लवी तर शाळेतल्या मुलांना ऐकूनही माहीत नसते. या दोन शब्दांपैकी एक मला लहानपणी शिकवला गेला. दुसऱ्याचा खरा अर्थ कळायला मात्र आयुष्यातली बरीच वर्षे गेली, आणि कळला तेव्हा फार उशीर झाला होता. त्या उशिराचा हा लेख आहे.

पुण्याला जशा वारांच्या पेठा, तसे आमच्या बऱ्हाणपुरात शनवारा, बुधवारा आणि इतवारा. आमचे घर इतवाऱ्यात. घरात मराठी, पेढीवर हिंदी, शेजारी उर्दू आणि भाजीबाजारात निमाडी-खानदेशी अशा चार बोलींत आम्ही वाढलो. वडील, म्हणजे अण्णा, सुताच्या पेढीवर मुनीम होते. पुढे त्यांनी पै-पै साठवून दोन माग घेतले. संध्याकाळी दिवे गेले की ओट्यावर बसून ते आम्हा भावंडांना करपल्लवी शिकवीत. हाताचा नागफणा केला की स्वर, कमळ केले की क-वर्ग, बोट चक्रासारखे फिरवले की च-वर्ग, धनुष्याची दोरी ओढल्याची खूण केली की ट-वर्ग, असे पुढे. वर्ग कळला की बोटे दाखवून त्यातले कितवे अक्षर ते सांगायचे आणि चुटक्या वाजवून मात्रा सांगायची. आई आत स्वयंपाकघरात, आणि ओट्यावर आम्ही तोंडातून शब्द न काढता गप्पा मारतो आहोत, याची आम्हाला केवढी मौज वाटे! खानदेशातल्या बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवतात, तीही याचीच चुलत बहीण, असे अण्णा सांगत.

१९८७ सालच्या पावसाळ्यात एका सकाळी अण्णा मोरीच्या दाराशी पडले. परगावच्या एका मोठ्या रुग्णालयात नेले. आठव्या दिवशी त्यांनी डोळे उघडले, पण हात, पाय, मान, जीभ यांतले काहीच हलेना. तिथल्या डॉक्टरांनी त्यांचा हात हातात घेऊन दोनदा मोठ्याने सांगितले, "बाबाजी, मेरा हाथ दबाइए." हात दाबला गेला नाही. डॉक्टर आमच्याकडे वळून म्हणाले, "समझ बाकी नहीं रही. घर ले जाइए." नाकातल्या नळीसह आम्ही त्यांना इतवाऱ्यात आणले. त्यानंतर ते चार महिने जगले.

त्या चार महिन्यांत अण्णांचे डोळे उघडे असत आणि मधूनमधून वर जात. आपल्याकडे माणसाचे डोळे वर लागले म्हणजे काय समजायचे ते पूर्वापार ठरलेले आहे. येणारा प्रत्येक जण ती नजर पाहून म्हणे, "वरचं बोलावणं आलंय." कुणी तापीचे पाणी आणून ओठांना लावले, कुणी तुळशीचे पान. आई मात्र ऐकत नसे. ती उशाशी बसून विचारी, "अहो, कूस बदलायची का?" डोळे वर जात. "बघ, हो म्हणाले," असे ती आम्हाला सांगे. आम्ही शिकलेली मुले. "आई, ती नुसती नजर फिरते," म्हणून आम्ही तिला गप्प करीत असू.

*

आमची चूक नवी नव्हती, हे मला पुढे वाचनातून कळत गेले. या आजाराचा इतिहास म्हणजे बहुतांशी याच चुकीचा इतिहास आहे.

आपल्या जुन्या वैद्यांना निश्चेष्ट देहाची चांगली ओळख होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात मद, मूर्च्छा आणि संन्यास अशा चढत्या पायऱ्या दिल्या आहेत. संन्यासातला रोगी लाकडासारखा, मेल्यासारखा पडून असतो. खोल पाण्यात बुडणारे भांडे तळाला पोचण्याआधी पकडावे, तशी त्याच्यासाठी त्वरा करावी, असे तिथे सांगितले आहे. तीक्ष्ण अंजन, नस्य, सुया टोचणे हे त्यावरचे उपाय. बऱ्हाणपुरात वैद्यांइतकेच हकीमही जुने आहेत. युनानी वैद्यकात याच अवस्थेला सकता म्हणतात. अकराव्या शतकात इब्न सीनाने आपल्या 'कानून'मध्ये तिची चर्चा केली. सकत्याचा रोगी आणि मृत माणूस यांत गफलत होऊ नये म्हणून नाकाशी पिंजलेला कापूस धरून पाहण्यासारख्या परीक्षा हकीम करीत.

पण या साऱ्या परीक्षा एकच गोष्ट विचारतात. माणूस आहे की गेला? आहे, पण त्याला ऐकू येते का, समजते का, काही सांगायचे आहे का, हा प्रश्न त्यांत नाही. देह हलत नसेल तर मन झोपलेले किंवा विझलेले असणार, असे सगळ्यांनीच गृहीत धरलेले दिसते. जागे मन आणि मेलेला देह एकाच खाटेवर असू शकतात, ही कल्पनाच अवघड होती.

ती कल्पना डॉक्टरांच्या आधी कादंबरीकारांना सुचली. अलेक्झांडर द्यूमाची 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' ही कादंबरी १८४४ ते १८४६ या काळात फ्रेंच वर्तमानपत्रातून क्रमशः आली. तिच्यात न्वारतिए नावाचा एक म्हातारा आहे. सर्वांग लुळे, वाचा गेलेली, शाबूत फक्त दृष्टी आणि कान. डोळे एकदा मिटले की होकार, अनेकदा मिचकावले की नकार, असा त्याने घरच्यांशी संकेत ठरवला आहे. नात व्हॅलेंटाइन त्याच्यापुढे एकेक अक्षर उच्चारते, मग शब्दकोश उघडून शब्दांवरून बोट फिरवते आणि तो डोळ्यांनी तिला थांबवतो. पुढे हा म्हातारा मृत्युपत्र करायला नोटरीला बोलावतो. ज्याला बोलता येत नाही त्याची इच्छा खरी कशी मानायची, अशी शंका नोटरीला येते. तेव्हा नात त्याच्यासमोर हा सगळा व्यवहार करून दाखवते, नोटरीची खात्री पटते आणि केवळ डोळ्यांच्या आधारे मृत्युपत्र लिहिले जाते.

एमिल झोलाच्या 'तेरेझ राकँ' (१८६७) या कादंबरीत याची उलटी बाजू आहे. तिथली म्हातारी सासू लकव्याने खिळलेली. आपल्या मुलाचा खून सुनेने आणि तिच्या जाराने केला, हे तिला त्याच दोघांच्या तोंडून कळते, कारण तिच्यासमोर बोलायला त्यांना आता संकोच वाटत नाही. एका संध्याकाळी पाहुण्यांसमोर ती सारे बळ एकवटून बोटाने टेबलावर अक्षरे लिहू लागते. वाक्य अर्धे होते आणि हात थांबतो. पाहुणे त्या वाक्याचा आपल्या सोयीचा शेवट लावून मोकळे होतात.

या दोन कादंबऱ्यांतल्या घरांत फरक एवढाच की, पहिल्या घरात खूण ठरलेली होती आणि दुसऱ्या घरात ठरलेली नव्हती.

*

खुणांनी बोललेले खरे मानायचे का, हा प्रश्न आपल्या न्यायालयांपुढेही आला होता, आणि तोही शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी. १८८५ सालचा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा 'क्वीन-एम्प्रेस विरुद्ध अब्दुल्ला' हा खटला वकिलांना पाठ असतो. दुलारी नावाच्या स्त्रीचा गळा चिरला गेला होता. ती शुद्धीवर होती, पण तिला बोलता येत नव्हते. तिच्यापुढे एकेक नाव घेण्यात आले आणि तिने हाताच्या खुणेने नाही, नाही, होय असे सांगितले. ती वारली. मग प्रश्न असा आला, की हा मृत्युपूर्व जबाब म्हणायचा का? कायद्याला जबाब लेखी तरी हवा किंवा तोंडी तरी. पूर्णपीठाने बहुमताने निर्णय दिला की विचारलेला प्रश्न आणि त्याला दिलेली खूण ही दोन्ही मिळून तोंडी जबाब होतो. १८७२ च्या पुरावा कायद्यात मुक्या साक्षीदाराला खुणांनी साक्ष देण्याची सोय होतीच. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती कायम आहे.

या निकालातली खोच लक्षात घ्यावी. एकट्या खुणेला अर्थ नसतो. आधी प्रश्न असावा लागतो. तो स्पष्ट असावा लागतो, आणि विचारणाऱ्याने उत्तर स्वतःच्या मनाने भरायचे नसते.

*

वैद्यकाने या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले ते १९६६ साली. फ्रेड प्लम आणि जेरोम पोस्नर या अमेरिकन मेंदुतज्ज्ञांनी बेशुद्धीच्या निदानावर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी 'लॉक्ड-इन सिंड्रोम' हा शब्द वापरला. आत कोंडलेला माणूस, एवढाच त्याचा अर्थ. द्यूमाचा म्हातारा आणि हे नाव यांच्यात सुमारे एकशेवीस वर्षांचे अंतर आहे.

हे घडते कसे, ते बऱ्हाणपूरकरांना समजावणे सोपे आहे. आपल्या कुंडी भंडाऱ्याची रचना आठवा. १६१५ साली, जहांगीरच्या काळात, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहराकडे आणले गेले. बोगद्यावर ओळीने कुंड्या आहेत. समजा, हा बोगदा मध्येच एका जागी ढासळला. वरच्या अंगाचा झरा शाबूत राहील, ढासळल्या जागेच्या वरच्या कुंड्यांत पाणीही राहील, पण खालच्या साऱ्या कुंड्या कोरड्या पडतील. मेंदूतून देहाकडे जाणारे हुकूम असेच मस्तिष्कस्तंभातून खाली उतरतात. त्या स्तंभाच्या मधल्या भागाला 'पॉन्स', म्हणजे लॅटिनमध्ये पूल, म्हणतात. तिथे रक्त पुरवणारी धमनी तुंबली आणि पुलाचा पुढचा भाग निकामी झाला की हात, पाय, चेहरा, जीभ, घसा सगळ्यांना जाणारा हुकूम अडतो. डोळे आडवे फिरवण्याची सोयही तिथेच असल्याने तीही जाते. विचार, आठवण, ऐकणे, दुःख, राग ही मात्र वरची पाण्याची जागा, ती भरलेली राहते. आणि डोळे वर-खाली फिरवण्याची व पापणी उघडण्याची सूत्रे पुलाच्या वर, मध्यमेंदूत असल्यामुळे ती बहुधा वाचतात.

हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. वर जाणारी नजर! जिला आम्ही वरचे बोलावणे म्हणत होतो, ती कदाचित अण्णांपाशी उरलेली एकुलती एक जीभ होती. आणि "हाथ दबाइए" ही परीक्षा ज्याचा हात बांधलेला आहे त्याला हात जोडायला सांगण्यासारखी होती. "ऊपर देखिए," एवढे कुणी म्हटले असते तर?

*

या अवस्थेचे नाव जगभर घरोघरी गेले ते एका फ्रेंच संपादकामुळे. ज्याँ-दोमिनिक बोबी हा 'एल' या नियतकालिकाचा संपादक. ८ डिसेंबर १९९५ रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी त्याला झटका आला. शुद्धीवर आला तेव्हा फक्त डावी पापणी त्याच्या ताब्यात होती. फ्रेंचमध्ये जास्त वापरली जाणारी अक्षरे आधी येतील अशा क्रमाने लिपिका वर्णमाला म्हणे, आणि हव्या त्या अक्षराशी तो पापणी मिटे. असे अक्षर अक्षर जोडून त्याने एक अख्खे पुस्तक सांगितले. मार्च १९९७ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर दोनच दिवसांनी, ९ मार्चला, बोबी वारला. त्याच्यावर २००७ साली चित्रपटही निघाला. अशा रुग्णांसाठी त्याने सुरू केलेली संस्था त्याच्यामागे राहिली.

त्या संस्थेच्या मदतीने झालेल्या दोन पाहण्या मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली २००२ सालची, ४४ रुग्णांची. निदान व्हायला सरासरी अडीच महिने लागले होते आणि काहींच्या बाबतीत तर वर्षे. रुग्णाला समज आहे हे पहिल्यांदा कुणाच्या ध्यानात आले? निम्म्याहून अधिक वेळा घरच्या माणसाच्या. डॉक्टरांच्या वाट्याला साधारण पाव भाग येतो. आमच्या आईसारख्या बायका जगात सगळीकडे उशाशी बसलेल्या होत्या आणि त्यांना गप्प करणारी शिकलेली मुलेही सगळीकडे होती, असाच याचा अर्थ.

दुसरी पाहणी २०११ ची. अशा ६५ जणांना विचारले, तुम्ही सुखी आहात का? ४७ जणांनी होय म्हटले, १८ जणांनी नाही. इच्छामरण मागणारे अगदी थोडे निघाले. मी हे आकडे सांगतो तेव्हा ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. "असलं जिणं कुणाला नको," असे आपण खाटेच्या पायथ्याशी उभे राहून सहज बोलून जातो. ज्याचे जिणे आहे तो काय म्हणतो, हे आपण विचारलेले नसते.

*

पण आता दुसरी बाजू सांगितली पाहिजे. ती सांगितली नाही तर हा लेख अर्धवट आणि धोक्याचा होईल.

प्रत्येक निश्चल देहात जागे मन कोंडलेले असते, असे नाही. निश्चल देह आणि मराठी मुलूख असे म्हटले की अरुणा शानबाग हेच नाव पहिल्यांदा आठवते. उत्तर कन्नडातल्या हळदीपूरची ही तरुणी परळच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने तिचा गळा कुत्र्याच्या साखळीने आवळून तिच्यावर अत्याचार केला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. त्यानंतर जवळजवळ ४२ वर्षे, १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने मृत्यू येईपर्यंत, ती केईएममध्येच होती. पिंकी विराणी यांनी तिच्यावर पुस्तक लिहिले आणि तिचे अन्न थांबवावे यासाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. न्यायालयाने तीन डॉक्टरांकडून तपासणी करवली. तिची अवस्था दीर्घकालीन जाणीवशून्यतेची, म्हणजे डोळे उघडे पण जाण नाही अशी, असल्याचे निदान झाले. ७ मार्च २०११ च्या निकालाने अर्ज फेटाळला. मात्र कडक अटींखाली कृत्रिम आधार काढून घेण्याची वाट देशात पहिल्यांदा मोकळी केली, आणि अरुणाच्या वतीने बोलण्याचा हक्क केईएमच्या परिचारिकांचा आहे, असे सांगितले. आवडीचे खाणे दिले की तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसते, असे या परिचारिका सांगत. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्या पाठीला जखम होऊ दिली नाही.

म्हणजे वरून सारख्या दिसणाऱ्या दोन खाटा आहेत. एकीवर जाग आहे पण जाण नाही, दुसरीवर पुरी जाण आहे पण हालचाल नाही. दाराशी उभे राहून त्या ओळखता येत नाहीत. चूकही दोन्ही बाजूंनी होते. कुणीच नाही असे म्हणून मोकळे होणे ही पहिली चूक. आपलेच शब्द रुग्णाच्या तोंडी घालणे ही दुसरी. २००९ साली बेल्जियममधला एक रुग्ण तेवीस वर्षांनी बोलू लागला, म्हणून जगभर बातम्या छापून आल्या. मदतनीस त्याचे बोट धरून कळफलकावर लिहवून घेई. पुढच्याच वर्षी पडताळा घेतला तेव्हा दिसले, की लिहिणारी ती मदतनीस होती. तिने जाणून फसवले असेल असे नाही. प्रेमानेही असे घडते.

म्हणूनच पडताळ्याला किंमत आहे. २००६ साली एड्रियन ओवेन या शास्त्रज्ञाने एका २३ वर्षांच्या तरुणीची परीक्षा प्रसिद्ध केली. अपघातानंतर ती जाणीवशून्य ठरवली गेली होती. तिला यंत्रात ठेवून सांगितले, तुम्ही टेनिस खेळत आहात अशी कल्पना करा; आता आपल्या घरातून खोली-खोलीतून फिरत आहात अशी कल्पना करा. निरोगी माणसाच्या मेंदूत जे भाग उजळतात तेच तिच्याही मेंदूत उजळले. २०२४ साली अनेक देशांतल्या रुग्णालयांचे मिळून निष्कर्ष आले. सांगितलेले काहीही करून न दाखवणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूने अशा सूचनेला प्रतिसाद दिला होता. म्हणजे चारातला एक. उरलेल्या तिघांबद्दल खोटी आशा धरू नये, आणि त्या एकाला विसरू नये.

*

अशी यंत्रे इतवाऱ्यात नाहीत. पण पहिली पायरी यंत्राची नाहीच. रुग्णाचे डोळे उघडे असतील तर समोर जावे, आपले नाव सांगावे आणि म्हणावे, "वर पहा." थांबावे. मग, "खाली पहा." हे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या माणसांनी करून पाहावे. ठरलेल्याप्रमाणे नजर हलली तर, वर म्हणजे हो आणि खाली म्हणजे नाही, असा संकेत करावा. मग ज्याचे उत्तर आपल्याला माहीत आहे असे प्रश्न विचारावे. तुमचे गाव रावेर का? तुम्हाला चार मुलगे का? उत्तरे जुळली की डॉक्टरांना समोर बोलावून तेच दाखवावे, न्वारतिएच्या नातीने नोटरीला दाखवले तसे.

आमच्यासारख्या दुभाषी गावांत आणखी एक पथ्य पाळावे. डॉक्टर बहुधा हिंदीत विचारतात. आयुष्यभर पेढीवर हिंदी बोललेल्या माणसालाही दुखण्यात घरची बोली आधी पोचते. तेव्हा प्रश्न हिंदीत झाला की मराठीतही, आणि घरात खानदेशी असेल तर खानदेशीतही विचारावा.

आणि हो-नाहीच्या पलीकडे जायचे असेल तर आपल्या हाताशी बोबीपेक्षा चांगले साधन आहे. फ्रेंच अक्षरांना क्रम लावून घ्यावा लागला. आपली वर्णमाला जुन्या शिक्षाकारांनी आधीच वर्गांत मांडून ठेवली आहे, आणि हिंदी घरांत, मराठी घरांत ती एकच आहे. आपण म्हणत जायचे, क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग. नजर वर गेली की थांबायचे. मग प, फ, ब, भ, म. मग बाराखडी. 'पाणी' हा शब्द सहा नजरांत होतो : प-वर्ग, प, काना, ट-वर्ग, ण, दुसरी वेलांटी. ही करपल्लवीच आहे, फक्त हाताऐवजी डोळ्यांनी केलेली. ओट्यावर बसून ती आम्हाला अण्णांनीच शिकवली होती. चार महिने ते खाटेवर होते आणि आम्हा चौघा भावांपैकी एकालाही ती आठवली नाही.

अण्णांना खरोखर समज होती का, हे मी आज सांगू शकत नाही. त्यांची परीक्षा झालीच नाही. एक प्रसंग मात्र विसरता येत नाही. दवाखान्याचा खर्च वाढला होता. थोरले बंधू आणि मी, अण्णांच्या खाटेशी उभे राहून, दोन्ही माग विकण्याचे ठरवत होतो. गिऱ्हाईक बाहेर ओट्यावर बसले होते. आकडा ठरला आणि अण्णांचे डोळे वर गेले. तिथेच राहिले. आई म्हणाली, "थांबा रे, ते काही सांगतायत." बंधू म्हणाले, "हो म्हणतायत." आई म्हणाली, "नाही म्हणतायत." आम्ही बाहेर जाऊन बयाणा घेतला.

ती नजर होकाराची होती की नकाराची, की नुसतीच फिरली होती, हे कळायला आधी एक खूण ठरवायला हवी होती. तेवढ्याला दोन मिनिटे पुरली असती.